आधी मत, मग अहवाल

7 ऑगस्ट 2020 च्या रात्री कोझिकोडला मुसळधार पावसात उतरणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून खाली घसरलं आणि त्याचे तुकडे झाले. करोनाकाळात दुबईत अडकलेल्यांना घेऊन ते येत होतं. 190 जणांपैकी 21 जण दगावले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. मुख्य वैमानिक दीपक साठे हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर. आईवडील नागपूरला राहणारे. त्यामुळे महाराष्ट्राला या बातमीचा चटका जास्त बसला. दुसऱ्याच दिवशी घराघरांतल्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागला. साठे यांनी मुद्दाम तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, इंजिन बंद केलं, म्हणूनच विमान पेटलं नाही आणि इतके जण वाचले, असं त्यात लिहिलेलं होतं. लाखो लोकांनी तो वाचला, पुढे पाठवला आणि मनापासून खरा मानला.

तपासाचा अहवाल आला तेरा महिन्यांनी, सप्टेंबर 2021 मध्ये. त्यात वेगळं चित्र होतं. पहिला प्रयत्न सोडून दिल्यावर दुसऱ्या प्रयत्नात विमान 8,858 फुटी धावपट्टीवर जवळपास मध्यावर, म्हणजे 4,438 फुटांवर टेकलं. सहवैमानिकानं पुन्हा वर उचलण्याची सूचना केली होती, ती मानली गेली नाही. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे अपघाताचं संभाव्य कारण असल्याचं अहवालानं नोंदवलं. पण तो तिथंच थांबला नाही. मुख्य वैमानिकासमोरच्या काचेचा वायपर भर पावसात नीट चालत नव्हता. कोझिकोडच्या तळावर कॅप्टनची नेमणूकच अपुरी होती आणि दुसऱ्या सकाळचं उड्डाण साठे यांच्याच नावावर लागलेलं होतं, म्हणून काहीही करून परत पोचण्याचं दडपण त्यांच्यावर आलं असावं, असंही त्यात आहे. अनुभवी, नावाजलेला माणूस चुकला. त्या चुकीकडे त्याला ढकलणारी व्यवस्था मात्र त्याच्या आधीपासून तशीच उभी होती.

हा अहवाल किती जणांनी वाचला? वीरगाथा जिथं जिथं पोचली होती, तिथं तो पोचला नाही. तोवर मत बनून गेलं होतं, आणि देशाचं लक्ष दुसरीकडे वळलं होतं.

विमान सुरक्षित की असुरक्षित, विजेवरची गाडी घ्यावी की नको, सरकारचं धोरण बरोबर की चूक, या प्रश्नांवर सध्या प्रत्येकाचं मत तयार आहे आणि ते ठाम आहे. जाणकार मंडळी यावर हळहळतात. लोकांना आकडे कळत नाहीत, लोक भावनेच्या आहारी जातात, अफवांवर विश्वास ठेवतात, असा त्यांचा सूर असतो. तो सूर अन्यायाचा आहे. लोक मत बनवतात ते हाताशी असलेल्या माहितीवर, आणि यंत्रांच्या बाबतीत नेमकी खरी माहिती ज्यांच्याकडे असते ते ती उशिरा देतात, अर्धी देतात किंवा देतच नाहीत. मधल्या पोकळीत अफवा शिरते, तिच्यामागून राजकारण येतं. दोष द्यायचाच तर तो आधी त्या पोकळीला द्यायला हवा.

12 जून 2025 ला अहमदाबादहून लंडनच्या गॅटविकला निघालेलं एअर इंडियाचं 171 क्रमांकाचं विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या 242 पैकी एकच प्रवासी वाचला. जमिनीवरचे 19 जण धरून 260 बळी गेले. त्यांत गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी होते, मुंबई-ठाणे-रायगडच्या घरांतून कामावर निघालेले विमानातले कर्मचारी होते. बोईंग 787 या जातीच्या विमानाचा हा पहिलाच प्राणघातक अपघात. पुढचे काही आठवडे काय काय ऐकू आलं ते आठवून पाहावं. पक्षी आदळले, पंखांचे फ्लॅप उघडलेच नव्हते, इंधनात भेसळ होती, दोन्ही इंजिनं एकदम बंद पडली. मे महिन्यातल्या पाकिस्तानविरुद्धच्या लष्करी कारवाईनंतर, पाकिस्तानला साथ दिल्याबद्दल तुर्कस्तानविरुद्ध संताप होता, तर संशयाची सुई तिकडेही वळवण्यात आली. त्या विमानाची देखभाल आमच्याकडे नव्हती, असा अधिकृत खुलासा तुर्कस्तानला करावा लागला. एका अपघाताची चर्चा दोन-तीन दिवसांत परराष्ट्र धोरणापर्यंत जाऊन पोचली.

या काळात तपास करणारी संस्था, म्हणजे एएआयबी, जवळपास गप्प होती. दोन ब्लॅक बॉक्सपैकी एक दुसऱ्या दिवशी आणि दुसरा पाचव्या दिवशी सापडला, पण त्यांतली माहिती दिल्लीत उतरवून घेतल्याचं अधिकृतपणे कळलं ते 26 जूनला. रोजची पत्रकार परिषद नाही, शंकांना उत्तरं नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत प्राथमिक अहवालासाठी तीस दिवसांची मुदत सांगितलेली आहे. ती गाठत 12 जुलैच्या पहाटे पंधरा पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तोडणारे स्विच एकापाठोपाठ एक, सेकंदाभराच्या अंतरानं, 'बंद' स्थितीत गेल्याची नोंद त्यात होती. शिवाय कॉकपिटमधल्या संभाषणातली एकच देवाणघेवाण, तीही सारांशानं. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की इंधन का तोडलंस, दुसरा म्हणतो मी तोडलं नाही. कोण विचारतो आणि कोण उत्तर देतो, हे अहवाल सांगत नाही.

याहून घातक मांडणी करता आली नसती. काहीच सांगायचं नसेल तर त्यामागे कारण असू शकतं, कारण कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण जपून ठेवावं असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि तो योग्य आहे. सगळंच सांगायचं असेल तर त्यालाही अर्थ आहे. पण एक वाक्य सोडायचं आणि नाव झाकायचं, याचा परिणाम ठरलेला होता. मेलेल्या दोन माणसांपैकी गुन्हेगार कोण, हे शोधण्याचं काम त्या वाक्यानं अख्ख्या जगाच्या हाती दिलं. परदेशी वृत्तपत्रांनी सूत्रांच्या हवाल्यानं मुख्य वैमानिकाकडे बोट दाखवलं. त्याच्या मनःस्थितीवर, घरच्या गोष्टींवर लिहिलं गेलं. नव्वदीच्या घरातल्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं आणि तुमच्या मुलाला कुणीही दोषी ठरवलेलं नाही, असा दिलासा न्यायालयाला द्यावा लागला. अहवालातला अर्धामुर्धा भाग बाहेर पडत राहिल्याबद्दल त्याआधीच न्यायालयानं नापसंती व्यक्त केली होती. त्याच अहवालात आणखी एक नोंद होती. या स्विचची अडक, म्हणजे ते चुकून सरकू नयेत म्हणून असलेली लॉकची रचना, काही विमानांत निकामी असू शकते, अशी सूचना अमेरिकेच्या नियामकानं 2018 मध्ये काढली होती. ती सक्तीची नव्हती, म्हणून तशी तपासणी झाली नव्हती. पुढे एअर इंडियानं आपल्या विमानांची तपासणी केली आणि दोष आढळला नाही. पण या मुद्द्यावर सर्वसामान्य चर्चेत कितीसं बोललं गेलं? माणसाचं नाव लावता येतं तिथं यंत्राकडे पाहायला कुणाला सवड नसते.

वैमानिकाला आधी धरायचं, ही सवय भारतापुरती नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये इंडोनेशियात लायन एअरचं बोईंग 737 मॅक्स समुद्रात कोसळलं, 189 जण गेले. त्याचा कॅप्टन दिल्लीचा होता. विकसनशील देशांतल्या वैमानिकांचं प्रशिक्षण कच्चं असतं, असं तेव्हा पश्चिमेतले काही जण बोलून गेले. मार्च 2019 मध्ये इथिओपियात तेच मॉडेल पडलं, आणखी 157 जण गेले. मग कळलं की एकाच सेन्सरच्या चुकीच्या मापावर विसंबून विमानाचं नाक खाली दाबणारी एक संगणकीय यंत्रणा बोईंगनं बसवली होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही केलेला नव्हता. पहिल्या अपघातानंतरचं मत जितक्या सहज बनलं, तितक्या सहज ते विमान आणखी साडेचार महिने उडत राहिलं. चुकीच्या मताची किंमत कुणी तरी जिवानं मोजतं, ती अशी.

याउलट एक उदाहरण अमेरिकेचंच. 29 जानेवारी 2025 च्या रात्री वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची हवेत टक्कर झाली, 67 जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कसलाही पुरावा हाती नसताना नोकरभरतीतल्या विविधतेच्या धोरणांवर ठपका ठेवला. तिथल्या मतदारांत या वाक्यावर फूट पडायची ती पडलीच. पण तिथं अपघातांचा तपास करणारी एनटीएसबी आहे. 1967 मध्ये स्थापन झालेली ही संस्था 1970 च्या दशकात कायद्यानं परिवहन खात्यापासून तोडून पूर्ण स्वतंत्र करण्यात आली, कारण ज्या खात्याचे नियम चुकलेले असू शकतात त्याच खात्याच्या हाताखाली तपास नको. तिच्या अध्यक्षा जेनिफर होमेंडी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि काय माहीत आहे, काय नाही, हे सांगत राहिल्या. सहा आठवड्यांत संस्थेनं तातडीची शिफारस केली, आणि त्या विमानतळाच्या हवेत ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात विमानं आणि हेलिकॉप्टरं धोकादायक जवळ आल्याचे 15,214 प्रसंग नोंदले गेले होते, हे उघड केलं. राष्ट्राध्यक्षाच्या आरोपाला उत्तर द्यायला कुणा विरोधी पक्षाची गरज पडली नाही, ते काम या आकड्यानं केलं.

भारतात एएआयबी 2012 मध्ये स्थापन झाली. 2010 च्या मंगळूरच्या अपघातात 158 जण गेले, त्यानंतरची ही सुधारणा. पण संस्था राहिली नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत. नियम करणारं डीजीसीए त्याच मंत्रालयाखाली. संसदेच्या स्थायी समितीनं 2025 मध्ये दाखवून दिलं की डीजीसीएतल्या मंजूर पदांपैकी निम्म्याहून जास्त रिकामी आहेत. आपल्याच मंत्रालयाच्या देखरेखीतल्या त्रुटी आपल्याच मंत्रालयाच्या दुसऱ्या संस्थेनं दाखवायच्या, ही रचना प्रामाणिक अधिकाऱ्यालाही अवघड जागी उभी करते. तो प्रामाणिक असला तरी लोकांना त्याचा भरवसा वाटत नाही. त्या अविश्वासाला मूर्खपणा म्हणायचं धाडस होत नाही.

आता दुसरं उदाहरण, जिथं बळी गेले नाहीत म्हणून मतं अधिकच भलत्या दिशेला गेली. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, एकट्या 5 तारखेला हजाराहून जास्त. लग्नं चुकली, परीक्षा चुकल्या, रुग्णांच्या तारखा हुकल्या. पुणे, मुंबई, नागपूरच्या विमानतळांवर लोक सामानावर डोकं टेकून झोपले. संताप खरा होता. पण तो कशाविरुद्ध होता? कारण विचारलं की ऐकू यायचं, 'सरकारनं वैमानिकांसाठी नवे नियम आणले, त्यामुळे झालं.' नियमच दोषी ठरले. ते नियम काय होते, हे बहुतेकांना माहीत नव्हतं. वैमानिकांना आठवड्याला सलग 36 ऐवजी 48 तास विश्रांती, आणि रात्रीच्या उतरण्यांची मर्यादा सहावरून दोनवर. मुख्यतः इतकंच.

हे नियम आभाळातून पडले नव्हते. ऑगस्ट 2023 मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचं विमान घेऊन निघण्याच्या बेतात असलेला एक कॅप्टन बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि गेला. त्याला आदल्या कामानंतर पुरेशी विश्रांती मिळाली होती, असं सांगण्यात आलं. थकव्यामुळेच मृत्यू झाला असं म्हणता येणार नाही. पण वैमानिकांच्या कामाच्या तासांचा, वर्षानुवर्षं दबलेला प्रश्न त्यामुळे चव्हाट्यावर आला. जानेवारी 2024 मध्ये डीजीसीएनं सुधारित नियम जाहीर केले. ते जून 2024 पासून लागू व्हायचे होते. विमान कंपन्यांनी हरकत घेतली, नियम पुढे ढकलले गेले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात होत्याच. अखेर न्यायालयाच्या देखरेखीखाली दोन टप्पे ठरले, पहिला 1 जुलै 2025 ला आणि दुसरा 1 नोव्हेंबरला. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती. देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहाहून अधिक ज्या कंपनीनं प्रवास करतात तिनं पुरेसे वैमानिक उभे केले नाहीत, आणि गोंधळ झाल्यावर सवलत मिळाली ती त्याच कंपनीला, 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत रात्रीच्या नियमांतून. रांगेत ताटकळलेल्या प्रवाशाला यातलं काही कुणी सांगितलं नाही. त्याला फक्त इतकं कळलं की सवलत दिल्यावर विमानं सुटायला लागली. मग त्यानं विश्रांतीच्या नियमाला अडचण समजलं, तर त्याला काय बोलायचं? त्याच्याच जिवाच्या रक्षणासाठी केलेला नियम त्याच्याच रागाच्या जोरावर बाजूला सारला गेला. या सगळ्या प्रकरणात हे सर्वांत क्लेशकारक आहे.

इथं जाणकारांची नेहमीची तक्रार विचारात घ्यायला हवी. विमानाला लोक उगाच घाबरतात, असं ते म्हणतात. आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतले अर्नोल्ड बार्नेट यांनी 2018 ते 2022 या वर्षांसाठी काढलेल्या हिशेबात जगभरात सुमारे 1 कोटी 37 लाख प्रवासांमागे एक मृत्यू, असं प्रमाण आलं. भारतातल्या रस्त्यांवर 2022 या एका वर्षात 1,68,491 माणसं मेली, म्हणजे दिवसाला साडेचारशेच्या वर. अहमदाबादेत जितके गेले त्याहून अधिक लोक त्या वर्षी रोज रस्त्यावर मरत होते. अमेरिकेत सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर विमान टाळून मोटारीनं जाणाऱ्यांमुळे वर्षभरात दीड हजारांच्या आसपास जास्तीचे रस्तेमृत्यू झाले, असं जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी दाखवून दिलं. भीतीनं माणसाला कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे नेलं.

पण पॉल स्लोव्हिक या संशोधकानं 1987 मध्येच एक गोष्ट स्पष्ट केली होती. सामान्य माणूस धोका मोजतो तेव्हा तो फक्त मेलेल्यांची संख्या मोजत नाही. धोका आपल्या हातात आहे का, तो नवा आणि अनोळखी आहे का, एका झटक्यात अनेकांना नेणारा आहे का, हेही तो पाहतो. या निकषांना अडाणी म्हणता येत नाही. एसटीच्या ड्रायव्हरशेजारी बसलेल्या प्रवाशाला रस्ता दिसतो. पस्तीस हजार फुटांवर बसलेल्याला काहीच दिसत नाही, त्याला दुसऱ्यावर पूर्ण भिस्त ठेवावी लागते. भिस्त ठेवायला लावणाऱ्यानं हिशेब दाखवला पाहिजे, ही त्याची अपेक्षा रास्त आहे. आकडेवारीच्या नावानं त्याला गप्प बसवता येणार नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांबद्दलची मतं नेमकी याच वाटेनं गेली. 26 मार्च 2022 ला पुण्यात लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ओलाच्या स्कूटरमधून धूर आला आणि बघता बघता ती पेटली. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला एका घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरनं बापलेकीचा जीव घेतला. 9 एप्रिलला नाशकात कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या चाळीस विजेच्या स्कूटरांपैकी वीस जळाल्या. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला तळघरातल्या शोरूमपासून सुरू झालेल्या आगीत वरच्या हॉटेलातली आठ माणसं गेली, आणि त्याच महिन्यात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा मृत्युमुखी पडला. यानंतर कुणी आई म्हणाली की ही गाडी घरात नको, तर तिच्यापुढे कुठला आलेख धरायचा?

सरकारनं काही केलं नाही, असं नाही. डीआरडीओच्या प्रयोगशाळेकडे तपास सोपवला गेला, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, नितीन गडकरींनी निष्काळजी कंपन्यांना दंडाचा जाहीर इशारा दिला. ओलानं 1,441, प्युअर ईव्हीनं 2,000 आणि ओकिनावानं 3,215 स्कूटर परत बोलावल्या. बॅटरीची मानकं कडक झाली. पुण्यातल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेमार्फत प्रसिद्ध होणाऱ्या मानकांत दुरुस्त्या झाल्या आणि डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत त्या लागू झाल्या. एक सेल तापून पेटला तरी शेजारच्या सेलपर्यंत आग पसरू नये, चालकाला आधी इशारा मिळावा, सेल कुठून आला याचा माग लागावा, अशा त्या तरतुदी होत्या. काम चांगलं झालं. पण कुठल्या कंपनीच्या बॅटरीत नेमकं काय चुकलं होतं, हे खरेदीदाराला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलं नाही. त्याच्यापर्यंत पोचल्या त्या चौकशीच्या बातम्यांतल्या तुटक ओळी. जुन्या मानकाची गाडी कोणती आणि नव्या मानकाची कोणती, हे शोरूममधल्या विक्रेत्यालाही धड सांगता येत नसेल, तर गिऱ्हाईक सगळ्याच गाड्यांना एका माळेत ओवणार.

स्वीडनमध्ये नागरी संरक्षणाचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं वाहनांच्या आगींचा हिशेब इंधनाच्या प्रकारानुसार मांडला. 2022 मध्ये तिथं चार्ज होणाऱ्या सुमारे सहा लाख गाड्यांमध्ये 23 आगी लागल्या. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत हे प्रमाण कित्येक पटींनी जास्त होतं. विजेच्या गाड्या सरासरीनं नव्या असतात आणि जुनी गाडी जास्त पेटते, ही मेख लक्षात घेतली तरी चित्र आश्वासक आहे. अर्थात बॅटरीची आग विझवणं जास्त अवघड असतं, आणि स्वीडनच्या थंडीतली मोटार म्हणजे विदर्भातल्या उन्हात उभी असलेली स्कूटर नव्हे. म्हणूनच तर आपला हिशेब आपणच मांडायला हवा. तो मांडला जात नाही, त्यामुळे 'या गाड्या जळतात' म्हणणारा आणि 'पेट्रोलच्या जास्त जळतात' म्हणणारा, दोघंही ऐकीव माहितीवरच भांडतात.

या भांडणाचा परिणाम दिसतो. 2024-25 मध्ये देशात विजेवरच्या दुचाकी अकरा लाखांच्या वर खपल्या, मोटारी मात्र लाखाच्या आसपासच. किंमत हे मोठं कारण आहेच, लांबच्या रस्त्यावर चार्जरची शाश्वती नसणं हेही. पण शहरांतल्या सोसायट्यांमध्ये चार्जिंगची जोडणी घेऊ देण्यावरून सभासद आणि कमिटी यांच्यात जे वाद होतात, त्यांत पहिला मुद्दा आगीचा निघतो. तळघरात गाडी पेटली तर जबाबदार कोण? या प्रश्नाला अग्निशमन दलाचं स्पष्ट, लेखी, सोप्या मराठीतलं उत्तर हाती असतं तर निम्मे वाद मिटले असते.

माहिती दडवल्यानं विश्वास कसा जातो, याचा आणखी एक नमुना पेट्रोलपंपावर आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट 2030 वरून 2025 वर आणलं गेलं आणि गाठलंही गेलं. महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला आणि साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, हे नाकारता येत नाही. पण या इंधनासाठी न बनलेल्या जुन्या मोटारींचं मायलेज 6 ते 7 टक्क्यांनी आणि दुचाकींचं 3 ते 4 टक्क्यांनी घटू शकतं, असं नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलेलं होतं. ते पंपावर कुणी लावलं नाही. कमी मिश्रणाचं पेट्रोल निवडण्याची सोयही ठेवली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये गाडीमालकांचा उद्रेक झाला तेव्हा सरकारी खुलासे सुरू झाले. गडकरींनी इथेनॉलविरुद्धच्या मोहिमेला पैसे पुरवले जात असल्याचा आरोप केला, विरोधकांनी त्यांच्या कुटुंबाच्या हितसंबंधांवर बोट ठेवलं, त्यांनी ते फेटाळलं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये याचिका निकाली काढली. ज्या गोष्टीची नोंद सरकारच्याच कागदावर चार वर्षांपूर्वी होती तिच्यावरून एवढं रामायण घडलं. आधीच सांगितलं असतं तर लोकांनी किंमत आणि फायदा यांचा हिशेब स्वतः केला असता. कित्येकांनी तो मान्यही केला असता, कारण ऊस पिकवणारे त्यांच्याच नात्यागोत्यातले आहेत.

धोरण सतत हललं तरीही मत डळमळतं. मार्च 2025 मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर 6 टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेतला. मग नवं धोरण आलं, ऑगस्टमध्ये अटल सेतूवर टोलमाफी जाहीर झाली, आणि माफी असूनही टोल कापला जात असल्याच्या तक्रारी विधानसभेपर्यंत पोचल्या. दहा-पंधरा वर्षं वापरायची वस्तू घेताना माणूस सरकारच्या आजच्या सवलतीपेक्षा उद्याच्या शब्दाकडे जास्त पाहतो. नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ 89 टक्के विजेवरच्या होत्या. तो देश श्रीमंत आहे, लहान आहे, तिथली वीज पाण्यावर तयार होते, या सगळ्या सबबी खऱ्या. पण तिथली करसवलत 1990 च्या दशकापासून, सरकारं बदलली तरी, ढोबळमानानं टिकली, हेही तितकंच खरं. आपल्याकडे वीज मुख्यतः कोळशाची, त्यामुळे विजेच्या गाडीनं हवा नेमकी किती सुधारते हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारता येतो. रस्त्यावरचा धूर घटतो हे नक्की, पण चंद्रपूर, कोराडीच्या वीज केंद्रांभोवती राहणाऱ्यांचं काय, हे धोरणाच्या जाहिरातीत येत नाही. ते आलं पाहिजे.

उघडपणानं घबराट पसरते, असा आक्षेप घेतला जातो. जानेवारी 2024 मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या बोईंगचा दरवाजाच्या जागी बसवलेला पत्रा हवेत निखळला, तेव्हा महिनाभरात एनटीएसबीनं जाहीर केलं की तो धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. लोक हादरले, पण विमानानं जायचे थांबले नाहीत. ज्या कारखान्यात ही चूक झाली त्यावर नियामकाची करडी नजर गेली आणि उत्पादनाचा वेग रोखला गेला. कारण कळल्यावर भीतीला ठावठिकाणा मिळतो. ती सगळ्या विमानांवर पसरण्याऐवजी चार बोल्टांवर जाऊन बसते.

अहमदाबादच्या तपासाबाबत नियम स्पष्ट आहे. अंतिम अहवाल शक्यतो बारा महिन्यांत यावा, न आल्यास प्रत्येक वर्षपूर्तीला तपास कुठवर आला याचं निवेदन द्यावं. असं निवेदन देताना कॉकपिटमधल्या संभाषणातलं निवडक वाक्य पुन्हा बाहेर सोडू नये, यंत्राच्या तपासण्यांचे निष्कर्ष मात्र पूर्ण द्यावेत, आणि ते इंग्रजीबरोबर गुजराती, हिंदी, मराठीतही द्यावेत, कारण मेलेल्यांचे नातेवाईक त्या भाषांत वाचतात. एएआयबीला मंत्रालयातून काढून थेट संसदेला उत्तरदायी करण्यासाठी कायदा लागेल. अपघात आणि संसदीय समितीचे अहवाल समोर असताना महाराष्ट्राच्या 48 लोकसभा खासदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, ही मागणी सभागृहात लावून धरायला काहीच अडचण नाही. विजेच्या गाड्यांसाठी तर नवा कायदाही नको. महापालिकांची अग्निशमन दलं प्रत्येक वर्दीची नोंद करतातच. वाहन पेटल्याच्या नोंदीत इंधनाचा प्रकार, गाडीचं मॉडेल, बॅटरी जुन्या मानकाची की नव्या, आणि आग चार्जिंग चालू असताना लागली का, एवढे चार रकाने भरून घ्यायचे आणि दर तीन महिन्यांनी राज्याचा एकत्रित तक्ता परिवहन आयुक्तांच्या संकेतस्थळावर लावायचा. पुणे, नाशिक आणि वसई-विरार या तीन महापालिकांच्या हद्दीत 2022 मध्ये असे प्रकार घडले होते. सुरुवात त्यांनीच करावी.